रुमालाखालचा भाव

१ मे १९८६, गुरुवार

सुट्टी. सकाळी फडकं सापडेना म्हणून सुमनने पाटी पदराने पुसली. आमच्या घरात आता पाटी आहे. मंजूची पहिलीतली, लाकडी चौकटीची, माळ्यावरून काढलेली. सु. लिहिते, आम्ही बापलेक वाचतो.

सु.च्या ऑपरेशनला आठवडा होत आला. घशातली गाठ साधी निघाली. रिपोर्ट वाचून डॉक्टर हसले. "शिक्षकांना होतंच हो हे, ओरडून ओरडून." पण आता पूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही, त्याने उलट जास्त ताण पडतो म्हणे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तपासणार. आवाज परत येईल ना? "बहुतेक येईल." कसा येईल? यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

संध्याकाळी तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिका मोसंबी घेऊन आल्या. चांगल्या बाई. जाताना जिन्यात मला हळूच म्हणाल्या, "तेरा जूनला शाळा उघडते. पाचवीचा वर्ग, साठ मुलं. आवाजच नसेल तर मी यांना वर्ग कसा देऊ, तुम्हीच सांगा. ऑफिसात काहीतरी बसायचं काम बघू."

सु. आणि ऑफिसात बसायचं काम. ती वर्गात कविता म्हणायला लागली की रस्त्यावर ऐकू येते, हे मी स्वतः अनुभवलंय. वर आल्यावर तिला काहीच बोललो नाही. लपवणं बरोबर होतं का, हा विचार करतोय तोवर तिने पाटी पुढे केली: "काय म्हणाल्या ते मला त्यांच्या तोंडावरूनच कळलं होतं."

४ मे, रविवार

आपला पंखा इतका करकरतो हे मला या आठवड्यात कळलं.

मंजूची दहावीची परीक्षा संपलीय. जूनमध्ये कॉलेज. "कॉलेजात युनिफॉर्म नसतो बाबा. माझ्याकडे घरच्या फ्रॉकांशिवाय आहे काय?" तिला कपडे बांद्र्याच्या लिंकिंग रोडवरूनच हवेत. मैत्रिणी तिथूनच घेतात. परदेशी पाहुणेसुद्धा मुद्दाम तिथे येतात म्हणे, गोरे येतात, अरब येतात. मी "आईबरोबर जा" म्हणणार होतो, शब्द तोंडातच राहिला.

आमच्या घरचा खरेदीचा नियम असा की सु. बोलणार आणि मी पिशव्या घेऊन लांब उभा राहणार. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत तिने ठरवून टाकलं. "तुमच्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं. दुकानदार माल बघून नाही, तुम्हाला बघून भाव सांगतो." खोटं नाही. घासाघीस चालू असली की मला घाम फुटतो. कोणाला तरी फसवतोय, किंवा कोणीतरी फसवतंय, यातलं काहीतरी नक्की चालू आहे असं वाटत राहतं.

शेजारच्या परबवहिनी आल्या होत्या. यजमान पूर्वी मिलमध्ये, आता साकीनाक्याला कपड्यांच्या युनिटात. त्यांना हे कळल्यावर कपाळावर हात मारून म्हणाल्या, "भावोजी, तुमी जातलास? अरे देवा! तो शंभर सांगतलो, तुमी एकशेधा देतलास!"

सु. हसली. हसणं पूर्ण होतं, खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं, फक्त आवाज नाही. मला क्षणभर भीती वाटली.

११ मे, रविवार

मंजूला घेऊन लिंकिंग रोडला जाऊन आलो. वाट लागली. पण आधी बाजाराबद्दल लिहितो, कारण जे पाहिलं त्याने अजून डोकं भरून आहे.

तिथे फुटपाथ दिसतच नाही. कपडे बांबूंना टांगलेले, ताडपत्र्यांवरून लोंबणारे, चादरींवर ढिगाने पडलेले. चालताना डोक्याला बाह्या लागतात, जणू कोणी आशीर्वाद देतंय. पाठीवर मोठा बोजा बांधलेली एक गोरी मुलगी अनवाणी उभी होती, आपल्याकडच्या लमाणी बायकांसारखा आरशांचा घागरा कमरेला लावून बघत होती. एका अरब कुटुंबाने लहान मुलींचे एकसारखे फ्रॉक घेतले, एवढे की मुली किती असतील याचा मी विचार करत राहिलो. आणि एक कोट. जाड, लोकरी, टोपीवाला. मे महिन्याच्या उन्हात टांगलेला. इथेच कुठेतरी अंधेरी-साकीनाक्याला, घामाने निथळणाऱ्या कारागिराने तो बर्फाच्या देशासाठी शिवला, शिवण वाकडी गेली म्हणून जहाजावर चढला नाही. त्या कोटासमोर मी बराच वेळ उभा होतो.

"बाबा, चला ना यार." यार. ऐकून घेतलं.

आता खरेदी. मंजूला एक निळा पंजाबी ड्रेस आवडला. विकणारा तरुण पोरगेलासा होता. त्याने भाव सांगितला. मी कापड हातात घेऊन म्हणालो, "छान आहे." मंजूने माझ्या पायावर पाय दिला. नंतर मी त्याला विचारलं, "तुम्हाला यात काही सुटतं ना?" हे मी खरोखर विचारलं. त्याला वाटलं मी इन्कमटॅक्सचा माणूस आहे. मी पाकीट काढल्यावर तो गडबडलाच. "साब, बोहनी का टाइम है, कुछ तो बोलो! ऐसे कोई लेता है क्या?" मी म्हटलं, राहू दे. त्याने स्वतःच थोडे कमी केले. मी नको नको म्हणालो. हे मी का म्हणालो? तोवर मंजू पलीकडच्या चपलांच्या स्टॉलवर जाऊन, आपण कोणाबरोबर आलेलो नाही अशी उभी होती.

घरी आल्यावर कळलं, एक बाही दुसरीपेक्षा चांगली दोन बोटं लांब.

वस्तू आवडलेली असताना नाक मुरडायचं, हे खोटंच. पण त्याने सांगितलेला भावही खोटाच, आणि ते दोघांनाही माहीत असतं. दोघांना माहीत असलेल्या खोट्याला काय म्हणायचं? सु.ला विचारलं. पाटीवर उत्तर: "बाजार."

१४ मे, बुधवार

पाटीवर आज मोठ्या अक्षरात: "रविवारी मी येते."

मी नाही म्हटलं. धूळ, गर्दी, उकाडा. शिवाय तिथे सगळे ओरडतात, हिच्या तोंडून एक शब्द सवयीने निघाला तर? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी वाण्याकडे जाऊन डॉक्टरांना फोन लावला. म्हणाले, "माणूस आहेत, किती दिवस कोंडून ठेवणार? जाऊ द्या. पण एक शब्द नाही. आतली जखम अजून ओली आहे. जोरात ओरडल्या तर सगळ्यावर पाणी." वाण्यासमोर मी तीनतीनदा "जोरात म्हणजे किती?" विचारत होतो.

मंजूला सांगितलं, बाजारात आईला सोडून कुठे जायचं नाही. "मी काय कुकुलं बाळ आहे का?"

१८ मे, रविवार

आज काय पाहिलं ते जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करतो. जमेल असं वाटत नाही.

निघण्यापूर्वी ठरलं की तोंड माझं, डोकं तिचं. दंडाला एक चिमटा म्हणजे "नको, महाग" म्हणायचं. दोन चिमटे म्हणजे तिथून चालू लागायचं. मागून हाक येतेच. कागदावर सोपं. त्या गर्दीत मला दर पावलाला कोणाचं ना कोणाचं कोपर लागत होतं. एका ठिकाणी स्टॉलवाला "चलो, ले जाओ, आप का भाव" म्हणाला आणि नेमका त्याच क्षणी, लागलेली दोन कोपरं चिमटे समजून, मी पाठ फिरवून ताडताड निघालो. तो मागून संतापला, "अरे, खुद बोल के जाता है?" आपण भाव बोललो आणि त्याने मानला, की घ्यावं लागतं, तिथला तो कायदाच आहे. मी परत जाऊन माफी मागितली. ड्रेस घेतला. तो कोणालाच फारसा आवडलेला नव्हता. मंजू म्हणाली, "बाबा, तुम्ही प्लीज पिशव्या धरा."

मग पुढे, वळणाजवळ, एका म्हाताऱ्याचा स्टॉल. पांढरी दाढी, जाळीची टोपी, शर्टावर कोऱ्या मांजरपाटाचं जाकीट. आसपासचे त्याला चाचा म्हणत होते. तिथे मंजू थबकली. मोतिया रंगाचा ड्रेस, गळ्याला बारीक सुती भरतकाम. माझ्यासारख्यालाही कळलं की ही वस्तू वेगळी आहे. सु.ने ती उचलली, उलटी करून शिवण पाहिली, परत ठेवली. तोंडावर काही नाही.

चाचाने भाव सांगितला. भरपूर. सु.ने नकारार्थी मान हलवली. तो थोडा खाली आला. तिने पुन्हा मान हलवली. तो माझ्याकडे वळला, "बाई बोलत का नाहीत?" मराठीतच. मी सांगितलं, घशाचं ऑपरेशन झालंय, बोलायला बंदी आहे.

त्याने "अरेरे" म्हणून कानाला हात लावला. मग आजूबाजूला पाहिलं. एका बाजूला एक गोरं जोडपं तसलाच ड्रेस चाचपत होतं, त्यांना त्याने केव्हाच कितीतरी पट भाव सांगितलेला. दुसऱ्या बाजूचा स्टॉलवाला कान देऊन. चाचा हळू आवाजात म्हणाला, "ताई, इथं सगळ्यांच्या समोर मी खाली येऊ शकत नाही. आमच्या मालेगावच्या बैलबाजारात असतो, तर रुमाल टाकला असता."

सु.ने समोरच्या ढिगातली एक ओढणी उचलली, आपल्या उजव्या हातावर टाकली, आणि हात पुढे केला.

तिच्या माहेरी, कऱ्हाडकडे, तिचे वडील बैलबाजारात दलाल होते हे मला माहीत आहे. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा, दोघांचे हात रुमालाखाली जातात, बोटं दाबून भाव सांगायचा, बोटं दाबूनच उत्तर द्यायचं. भोवती शंभर माणसं असली तरी कोणाला काही कळत नाही. हे सगळं मला ऐकून ठाऊक. पण तिथे बायका नसतात. बाईचा हात कधी रुमालाखाली जात नाही.

चाचाचं तोंड उघडंच राहिलं. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "साहेब?"

मला त्याचा प्रश्न कळला. मी काय उत्तर दिलं? आठवायचा प्रयत्न करतोय. मान डोलावली असेल. किंवा नुसता उभा राहिलो असेन आणि त्याने तेच उत्तर धरलं असेल. त्याने हात शर्टाला पुसला, बिस्मिल्ला म्हणाला, आणि ओढणीखाली घातला.

दोघं एकमेकांकडे बघत नव्हती. सु. समोरच्या दिव्याच्या खांबाकडे, तो आकाशाकडे. ओढणी गुलाबी होती, तिच्या काठाला टिकल्या. तिच्याखाली काहीतरी हलत होतं, थांबत होतं, पुन्हा हलत होतं, पाण्याखाली मासोळी हलावी तसं. मध्येच चाचाने "नाही, नाही" म्हणून मान हलवली. मध्येच सु.च्या भुवया वर गेल्या. तिथला कोलाहल तसाच चालू होता, पण त्या दोघांपुरता तो थांबला होता, आणि मी त्या थांबलेल्या जागेच्या अगदी काठावर, दोन पिशव्या घेऊन. गोरी बाई नवऱ्याचा दंड धरून बघत होती. शेजारचा स्टॉलवाला ओरडला, "चाचा, क्या चल रहा है?" चाचा त्याच्याकडे न बघता म्हणाला, "चूप बैठ. नमाज के बाद यही एक काम है जो चुपचाप होता है."

मग तो हसला. तोंडात दात थोडे. हात बाहेर काढून कपाळाला लावला. ठरलं होतं.

सु.ने पर्समधून नोटा घडी करून दिल्या, त्याने न मोजता खिशात टाकल्या. मी न राहवून विचारलं, "कितीला?" चाचा एकदम ताठ झाला. "रुमालाखालचा भाव विचारत नाहीत साहेब. बाईंच्या वडिलांनी शिकवलं असेल, विचारा त्यांना." मग तिच्याकडे वळून, "कोणाची पोर आहेस, बेटी?" ती कशी सांगणार? मीच सासऱ्यांचं नाव, गाव सांगितलं. त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. तरी त्याने ते पुन्हा एकदा उच्चारलं, नीट, सावकाश.

परतीच्या बसमध्ये मंजू आईच्या उजव्या हाताकडे बघत होती. मी पण.

१९ मे, सोमवार

ऑफिसात कामात लक्ष नव्हतं. संध्याकाळी सु.ला विचारलं, शिकलीस कधी? पाटी तीन वेळा भरली आणि पुसली. लहानपणी गोवर निघाला होता. अंधाऱ्या खोलीत पडून. वडील बाजारातून आले की गोधडीखाली तिचा हात धरत. "हा बैल केवढ्याला घेतला, ओळख." ती बोटांवरून ओळखायची. मग ती विकायची, ते घ्यायचे. ताप उतरला तरी खेळ चालू राहिला. "भाऊ रागवायचा. म्हणायचा पोरीला कशाला. आप्पा म्हणायचे, तुझ्यापेक्षा हिचा हात खरा."

बाजारात कधी केलंस? "काल."

मग मला का सांगितलं नाहीस एवढ्या वर्षांत? तिने लिहिलं: "तुम्ही घासाघीस चालू झाली की लांब उभे राहायचात."

कितीला घेतला, हे पुन्हा विचारलं. तिने पाटी पुसून ठेवून दिली आणि आमटी हलवायला गेली.

आपल्या बायकोच्या हातात असं काही आहे, आणि तो हात मी रोज पाहतो, ताट वाढताना, केस विंचरताना. कालपासून तिच्याकडे नव्या माणसाकडे पाहावं तसं बघतोय. तिला ते कळतंय आणि संकोच वाटतोय.

२४ मे, शनिवार

मंजूने अभिमानाने अख्ख्या बिल्डिंगला सांगितलेलं दिसतंय. परबवहिनी मोकळेपणी म्हणाल्या, "वहिनी, माका पण शिकवा गे! आमचो बाजारवालो तरी सुधारात." ते बरं वाटलं. पण खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ जिन्यात थांबवून म्हणाले, "ऐकलं ते खरं का हो? भर रस्त्यात, परक्या माणसाचा हात?"

मी म्हणालो, "म्हातारा होता हो."

जिना चढता चढता स्वतःचा राग आला. म्हातारा नसता तर? तरुण असता, हिंदू असता, आमच्या बिल्डिंगमधला असता, तर ते कमी सुंदर झालं असतं का? मी तिच्या बाजूने बोललो असं त्यांना वाटलं असेल. प्रत्यक्षात मी सवलत मागितली. घासाघीस येत नाही म्हणतो, आणि तिथे भाव पाडून आलो.

सु.ला सांगितलं. ती पाटीवर काही लिहिणार होती, मग नुसतंच माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

१ जून, रविवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

सु.च म्हणाली, म्हणजे लिहिलं, की सहज फिरून येऊ. काही घ्यायचं नाही. गेलो. चाचाने लांबूनच सलाम केला. एका गोऱ्या मुलीला स्टॉलवाला भलताच भाव सांगत होता, सु. तिच्या शेजारी जाऊन नुसती उभी राहिली आणि स्टॉलवाल्याकडे वर्गात बघते तसं बघितलं. त्याने आपण होऊन भाव निम्मा केला. "क्या भाभी, धंदा करने दो ना!" मुलीने सु.ला मिठी मारली. आम्ही तिघंही हसत होतो. इथपर्यंत दिवस किती चांगला होता.

मंजू वर टांगलेला एक फ्रॉक बघत मागे मागे सरकत गेली. फुटपाथ संपला हे तिला कळलं नाही. बस येत होती. मी पाहिलं. हे नीट लिहितो: मी आधी पाहिलं. माझं तोंड उघडलं होतं. मध्ये माणसं होती, मी त्यांना बाजूला सारत होतो, आणि ओरडायचं होतं, आणि ओरडणं येत नव्हतं. चारचौघांत मोठ्याने हाक मारायला कुठून सुरुवात करतात हेच जणू मला ठाऊक नव्हतं.

"मंजे!"

सु. ओरडली. तो तिचा आवाज नव्हता. पत्रा फाटावा तसं काहीतरी. पण पोहोचला. मंजूने पुढे उडी घेतली, बस तिच्या मागून गेली, त्या वाऱ्याने ओळीने टांगलेले सगळे कपडे एकदम फडफडले.

मंजू रडत होती. सु.ने गळा धरला होता. चाचाने पाणी आणून दिलं. ते गिळताना तिने डोळे मिटले.

२ जून, सोमवार

रजा टाकली. डॉक्टर परगावी. तपासणीला नऊ तारखेलाच या असा निरोप. तोवर मौन चालू.

मी शेचाळीस वर्षांचा आहे. घसा ठणठणीत. कधी, कुठे, कोणाला मोठ्याने हाक मारली? आठवत नाही. मला हा नेहमी सभ्यपणा वाटत आला. माझा न वापरलेला आवाज शिल्लक राहिला, आणि तिचा, जो राखून ठेवायचा होता, तो खर्च झाला.

हे असंच तिला सांगितलं. तिने पाटी मांडीवर घेतली. मग: "तुम्ही ओरडला असतात तरी मी ओरडलेच असते."

आणि खाली, बारीक अक्षरात: "आता उगाच तेच उगाळू नका. जेवायला या."

मंजू मोतिया ड्रेस घालायला तयार नाही. कपाटात ठेवलाय.

९ जून, सोमवार

डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं. बराच वेळ. "सूज आहे. त्या ओरडण्याने की मुळातलीच, आता सांगता येणार नाही." मी पुन्हा पुन्हा विचारलं, ते पुन्हा पुन्हा तेच म्हणाले. मग तिला म्हणाले, "म्हणा, आ."

आवाज आला. जाड, खालचा, मध्येच तुटलेला. खोलीत चौथं कोणीतरी बोललं असं वाटून मी खरंच मागे वळून पाहिलं. सु. स्वतः दचकली.

"हाच राहणार का?" मी. "राहील किंवा सुधारेल. थोडं थोडं बोलायचं, जड वाटलं की थांबायचं. दिवाळीपर्यंत कळेल." वर्ग? "घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण पूर्वीसारखं ओरडलात, तर मग माझ्याकडे येऊ नका."

बाहेर रिक्षा केली. रिक्षावाला मीटर न टाकताच निघाला. मी नेहमीप्रमाणे गप्प. तेवढ्यात शेजारून तोच जाड आवाज: "मीटर."

रिक्षावाल्याने मीटर टाकला. आरशात बघून म्हणाला, "सर्दी हुई है क्या, भाभी?"

आम्ही दोघं घरापर्यंत हसत आलो. ती नव्या आवाजात हसली. ते हसणं अजून ओळखीचं झालेलं नाही. मला ते पुन्हा ऐकावंसं वाटतंय.

संध्याकाळी मुख्याध्यापिकांना भेटून आली. मला नको म्हणाली, एकटी गेली. त्यांनी विचारलं म्हणे, निभेल का? ही म्हणाली, एक दिवस वर्ग द्या, मग ठरवा. एवढंच बोलली, कारण पुढे बोलवलं नाही. त्यांनी शुक्रवार दिलाय. पाचवी अ. निभलं नाही तर सोमवारपासून ऑफिस.

१३ जून, शुक्रवार

दुपारी ऑफिसात लिहितोय. समोर तपासायचे कागद पडून आहेत.

सकाळी तिला जोगेश्वरीला शाळेपर्यंत सोडायला गेलो. फाटकाशी म्हणाली, "जा आता." तेवढंच. बाकीचा आवाज वर्गासाठी ठेवायचा होता. चालताना पाठ ताठ होती. मला जायला हवं होतं, ऑफिसात मस्टरवर वेळेत सही लागते. गेलो नाही. पाचवी अ तळमजल्यावर आहे, खिडक्या रस्त्याकडे. पलीकडच्या चहाच्या टपरीशी जाऊन उभा राहिलो.

आत साठ मुलांचा कल्ला. सुट्टीनंतरचा पहिला दिवस, बाकं सरकताहेत, कोणी कोणाचा डबा पळवलाय, कोणी रडतंय. चहावाला म्हणाला, "आज से फिर चालू इन का." पूर्वी अशा वेळी सुमनची एकच हाक रस्त्यापर्यंत येई आणि टपरीवरचे लोकसुद्धा गप्प होत.

ती वर्गात शिरली ते खिडकीतून दिसलं. मग ती फळ्याच्या बाजूला गेली, दिसेनाशी झाली. कल्ला तसाच. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं. चहा निवला. मनात म्हणत होतो, ओरडू नकोस. आणि लगेच, ओरडल्याशिवाय होणार कसं?

मग मागच्या बाकांवरचा आवाज आधी थांबला. नंतर मधला. मग पुढचा. असा क्रम मी कधी ऐकला नव्हता. ओरडून गप्प केलेला वर्ग एकदम गप्प होतो. हा मागून पुढे निवत आला. इतकी शांतता झाली की टपरीवरचा स्टोव्ह ऐकू येऊ लागला. चहावाल्याने मान वर करून शाळेकडे पाहिलं.

तिने काय केलं, मला दिसलं नाही. बोलली असेल तर रस्त्यापर्यंत आलं नाही; इतकं हळू, की ऐकायचं तर मागच्यांनाच आधी गप्प व्हावं लागलं असेल. थोड्या वेळाने मुलं हसली, सगळी एकदम, आणि हसून पुन्हा शांत झाली. मग दूरवर कुठल्याशा वर्गात पाढे सुरू झाले आणि मला बाकीचं ऐकू येईना.

मी टपरीचे पैसे देऊन निघालो. उशिराची लाल रेघ लागली.

शाळा साडेपाचला सुटते. मुख्याध्यापिका तिला फाटकाशी गाठतील, काय ठरवतील, माहीत नाही. मी आज लवकर घरी जाणार आहे. विचारणार काहीच नाही. ती सांगेल. बोलून की लिहून, ते बघू.